आधी एसएमपीएस, कार्ड त्यानंतर

‘ताई, नमस्कार. मी वीस वर्षांचा. काळाचौकीला चाळीत राहतो, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन २४,००० रुपये साठवलेत, त्यातून ग्राफिक्स कार्ड बदलायचंय. कॉम्प्युटर २०१८ चा आहे: आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, २४० जीबीची एसएसडी, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि साधा ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबतच आला होता, वर ४५० वॉट लिहिलंय. मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो, ते ठीक चालतं. पण रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक २०७७ खेळायची फार इच्छा आहे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात आरटीएक्स ३०५० ६ जीबीचे १७,५०० सांगितले, आरएक्स ६६०० चे २०,०००. मित्राच्या ओळखीतला एक जण वापरलेलं आरटीएक्स ३०६० टीआय १७,००० ला देतोय. दुसरा मित्र म्हणतो, उरलेले ईएमआयवर टाक आणि ४०६० च घे. दुपारी खेळताना कॉम्प्युटर कधी कधी आपोआप रीस्टार्ट होतो, कार्ड जुनं झाल्यामुळे असेल. कॅबिनेटला हात लागला तर जरा झिणझिण्या येतात, पण ते पहिल्यापासून आहे. बाबा म्हणतात, एवढे पैसे खेळावर घालवू नकोस. काय घेऊ?’

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कार्डांची नावं आणि भाव तू नीट लिहिलेस, पण मी थांबले ती शेवटाजवळच्या दोन ओळींपाशी, ज्या तू जाता जाता लिहून टाकल्यास. दुपारी रीस्टार्ट होतो. हात लागला तर झिणझिण्या येतात. या दोन गोष्टी मिटल्याशिवाय त्या कॅबिनेटमध्ये वीस हजारांचं कार्ड बसवू नकोस.

झिणझिण्यांपासून सुरू करू, कारण इथे प्रश्न तुझ्या अंगाचा आहे, गेममध्ये सेकंदाला किती चित्रं (फ्रेम्स) दिसतात त्याचा नाही. एसएमपीएसच्या आत वीज येते तिथे एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात आणि त्यांच्यातून येणारा बारीकसा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी ती रचना असते. घरात अर्थिंगच नसेल तर तो प्रवाह पत्र्यावरच राहतो आणि आपला हात लागला की आपल्यातून जातो. जुन्या चाळींत हे सर्रास दिसतं. बोर्डावर तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. कधी तार असते, पण मध्ये दोन पिनांचं एक्स्टेन्शन लावून आपणच ती तोडलेली असते. ‘पहिल्यापासून आहे’ म्हणून ते बरोबर ठरत नाही. आधी ते एक्स्टेन्शन बघ. तीन पिनांचं आणि चांगलं असेल तर वायरमनला बोलावून त्या पॉइंटला अर्थिंग येतंय का तपासून घे, नसेल तर करून घे. आणि हे बाबांना सांग. घरात आई आहे, कदाचित लहान भावंडं आहेत, आणि तुझं कॅबिनेट मोरीच्या जवळ असेल तर ओल्या हाताने कोणीही त्याला टेकू शकतं. घराच्या भल्याची एवढी गोष्ट तू स्वतःहून काढलीस, तर कार्डाच्या पैशांवर बाबांशी होणारं बोलणंही थोडं वेगळ्या वळणाने जाईल असं मला वाटतं.

आता रीस्टार्ट. जुनं कार्ड त्रास देतं तेव्हा बहुधा चित्र फाटतं, पडद्यावर रंगीत ठिपके येतात, गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो. अख्खा कॉम्प्युटर खटकन बंद होऊन पुन्हा सुरू होणं, तेही भर दुपारी आणि खेळ जड झाल्यावर, यात माझा पहिला संशय एसएमपीएसवर आणि दुसरा उष्णतेवर. उष्णतेचा आधी निकाल लाव, कारण ते जवळपास फुकट आहे. कॅबिनेट उघड, मऊ ब्रशने पंखे आणि प्रोसेसरवरचा उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा, हीटसिंक, साफ कर. आपल्या घरांत धुळीबरोबर उदबत्तीची काजळीही पंख्यांवर बसते आणि ती चिकट असते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. २०१८ पासून त्या दोघांमधली थर्मल पेस्ट बदलली नसेल तर ती आतापर्यंत वाळून खडखडीत झालेली असणार. दोन-तीनशे रुपयांची ट्यूब आण आणि नवी लाव. मग खेळताना प्रोसेसरचं तापमान बघ. तुझा प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्यानेही भागलं नाही तर बंद पडतो. ८० च्या आत राहूनही रीस्टार्ट होत असेल तर उष्णतेचा दोष नाही.

राहिला एसएमपीएस. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढ आणि त्याच्या अंगावरचं लेबल वाच. मोठ्या अक्षरातला ४५० हा आकडा सोड. खालच्या तक्त्यात वेगवेगळ्या व्होल्टचे रकाने असतात, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते याच ताटात. समजा तिथे १६ अँपिअर असेल, तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॉट. कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ‘४५०’ छापलेलं असलं तरी कामाची ताकद पुष्कळदा एवढीच निघते. तुझं १०५० टीआय ७५ वॉटपर्यंत खातं. प्रोसेसर कागदावर ६५ चा, पण टर्बोत, म्हणजे जोर लावून पळताना, त्याहून वर जातो. पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड मिळून आणखी थोडं. म्हणजे आजच तू काठावर आहेस. त्यात दुपारची खोली तापलेली, आणि गरम झालेला जुना एसएमपीएस सकाळी देतो तेवढंही देऊ शकत नाही. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट घेतं. ३०६० टीआय तर २००. हा हिशोब तूच मांडून बघ.

यावर मी एवढी का अडून बसले तेही सांगते. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये असाच, कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. एका मे महिन्यात तो जळाला आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर माझ्या आजीच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या होत्या, आणि दुसरी प्रत नव्हती. आजी त्याआधीच गेली होती. मदरबोर्ड नवा आला. तुझे प्रोजेक्ट आणि घरचे फोटो त्याच मशीनवर असतील तर आजच दुसरीकडे उतरवून ठेव.

तेव्हा पहिली खरेदी एसएमपीएसची. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घे. साडेतीन ते चार हजार धरून चाल. तो शिक्का विजेची नासाडी किती कमी होते याचा आहे, बाकीच्या गुणांची हमी त्यातून मिळत नाही, पण ज्यावर तो शिक्काही नाही ते उचलूच नकोस. ६६०० ला चांगला ४५० वॉटचा पुरतो, एएमडीने स्वतःच तेवढा सांगितलाय. मी ५५० म्हणते कारण एसएमपीएस पुढच्या कॉम्प्युटरमध्येही जातो, कार्डासारखा चार वर्षांत मागे पडत नाही.

एसएमपीएस बसव आणि आठ-दहा दिवस जुन्या कार्डावरच खेळ, मुद्दाम दुपारी. रीस्टार्ट थांबला तर आजार सापडला. नाही थांबला, तर रॅम आणि मदरबोर्ड बघावे लागतील आणि कार्डाचे पैसे हातात आहेत याचं तुला बरं वाटेल. तुला हे दहा दिवस जड जातील, मला कळतंय. तरी थांब.

आता कार्ड. बदलायची वेळ झाली आहे यात शंका नाही. १०५० टीआय २०१६ चं, ४ जीबीचं, आणि एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. तू सांगितलेल्यांपैकी माझी निवड आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं, ८ जीबीचं कार्ड, फुल एचडीसाठीच बनवलेलं, आणि तुझा मॉनिटर तोच आहे. तुझ्या आताच्या कार्डाच्या तिपटीच्या घरात त्याची ताकद जाते. रेड डेड चांगल्या सेटिंगवर ६० फ्रेम्सना धरून चालेल. मॉनिटर ६० हर्ट्झचा असल्याने त्याच्या वरच्या फ्रेम्स तुला दिसणारही नाहीत, मग त्यांचे पैसे आज कशाला मोजायचे? उणं आहे ते रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यात. सायबरपंकमधला तो निऑन दिव्यांचा ओल्या रस्त्यावर पडणारा उजेड या कार्डावर पूर्ण थाटात मिळणार नाही, रे ट्रेसिंग बंद ठेवूनच खेळावं लागेल. छोटं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं, तेही नाही. त्याऐवजी एएमडीचं तसंच एफएसआर वापर, फुल एचडीवर ‘क्वालिटी’च्या खाली उतरू नकोस, चित्र पिठूळ दिसतं.

दुकानदाराने सांगितलेल्या ३०५० बद्दल. या नावाची दोन कार्डं आहेत हे लक्षात ठेव. ८ जीबीचं जानेवारी २०२२ मध्ये आलं, १३० वॉटचं. ६ जीबीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॉटचं, आणि त्यात कोअर, म्हणजे काम करणारे भाग, कमी आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. तुला सांगितलं ते दुसरं. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागतं. तुझा एसएमपीएस ऐकून दुकानदाराने ते सुचवलं असेल तर त्याने तुला फसवलं नाही, उलट विचार करून सांगितलं. पण ६६०० त्याच्या साधारण दीडपट वेगाने पळतं आणि भावात फरक अडीच हजारांचा आहे. शिवाय ३०५० घेतलंस तर तो आजारी एसएमपीएस तसाच आत राहतो.

वापरलेलं ३०६० टीआय कागदावर या सगळ्यांत दांडगं आहे आणि १७,००० ऐकून कुणाचंही मन डळमळेल. पण ते डिसेंबर २०२० चं कार्ड. त्या काळात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर हिशोब चालवून नाणी कमावणं, जोरात होतं आणि मायनिंगवाल्यांचं हे लाडकं कार्ड होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. राबलेलं प्रत्येक कार्ड वाईटच असतं असं नाही. चिप बहुधा टिकते, पंखे आणि थर्मल पॅड थकतात. माझी खरी अडचण दुसरी आहे. त्याला एनव्हिडिया ६०० वॉटचा एसएमपीएस सांगते, आणि तुझा एका वेळी सहाच कामं ओढणारा (सहा थ्रेडचा) प्रोसेसर त्याला पुरेसं काम वेळेत देऊ शकणार नाही. मागचा गडी पाट्या भरून देत नसेल तर पुढे पैलवान उभा करून उपयोग काय? हे तुला आजही तपासता येईल. व्हॅलोरंट चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा, आकडा बघ. तो ९७-९८ वर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर असेल आणि फ्रेम्सवर मर्यादा लावलेली नसेल, तर कमी पडतोय तो प्रोसेसर, आणि कुठलंही कार्ड आणलंस तरी व्हॅलोरंटमध्ये फार फरक दिसणार नाही.

४०६० चांगलं कार्ड आहे, ११५ वॉटमध्ये भरपूर देतं. पण ईएमआयवर नको. ‘नो कॉस्ट’ म्हणतात त्यातही बँकेच्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, वर प्रोसेसिंग फी वेगळी. तो प्रश्नही बाजूला ठेव. तुझं शेवटचं वर्ष आहे. परीक्षेच्या दिवसांत शिकवण्या कमी होतील आणि हप्ता तर तेवढाच राहील. तो बाबांच्या पगारातून जायला लागला तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल.

एखादा तुला इंटेलचं आर्क बी५८० सुचवेल, १२ जीबी मेमरी आहे म्हणून. नव्या मशीनमध्ये मीही सुचवते. त्याला रीसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते, ती तुझ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे नाही, आणि जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड विशेष मार खातं. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस. मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे चार वाटा, तुझ्या जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटवर ते गुदमरतं. ६६०० ला आठ लेन आहेत, तुझ्याकडे किंचित फरक पडेल, जाणवणार नाही. तू ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी काम करत असतास तर मात्र माझं उत्तर बदललं असतं. मग मी तुला वापरलेलं, पण १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० शोधायला सांगितलं असतं.

लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा रविवार टाळ, बहुतेक दुकानं बंद असतात. एका दुकानात भाव ऐकून लगेच पैसे काढू नकोस, चार ठिकाणी विचार. भाव आठवड्याला हलतात, त्यामुळे मी लिहिलेला आकडा धरून कोणाशी हुज्जत घालू नकोस. ‘बिल नको असेल तर इतके कमी’ असं कोणी म्हणालं तर हात जोड आणि बिलच माग. त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घे आणि खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघ. वॉरंटी दुकानाची की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची, हेही स्पष्ट विचार. अनोळखी नावाची ‘आरएक्स ५८० ८ जीबी, २०४८ एसपी’ अशी कार्डं दिसतील. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, ही मुळात ५७० च्या मापाची. घरी आल्यावर जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालव. नकली बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकून जुनी चिप नव्या नावाने विकलेली असेल तर ते सहसा पकडतं.

६६०० नवं कुठेच मिळालं नाही आणि वापरलेलं घ्यावं लागलं, तर स्टेशनच्या पुलावर भेटून पैसे देणारा व्यवहार करू नकोस. विकणाऱ्याच्या घरी जा, चालू मशीनमध्ये लावलेलं बघ, समोर पंधरा-वीस मिनिटं जड गेम चालव, पंख्यांचा आवाज ऐक. कार्ड हातात घेऊन हीटसिंकच्या पात्या आणि स्क्रू उजेडात बघ. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत, खिडकीपाशी राहिलेल्या कार्डावर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा गंज येतो. तो दिसला तर भाव कितीही खाली आला तरी परत फिर.

पैशांचं गणित असं बसतं: कार्ड २०,०००, एसएमपीएस ३,८०० च्या आसपास. म्हणजे तुझे चोवीस हजार संपले. पेस्ट आणि वायरमन वरचे, ते घरखर्चातून माग, मागण्यासारखेच आहेत. रॅम राहते, आणि ती हवीच. सायबरपंकला आता किमान १२ जीबी सांगतात आणि तुझ्याकडे ८ ची एकच स्टिक आहे. १०५० टीआय विकून तीन हजारांच्या आसपास सुटतील, त्यातून वापरलेली ८ जीबी डीडीआर४ ची दुसरी स्टिक घे. नव्या रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, त्या वाटेला जाऊ नकोस. एच३१० वर दोनच स्लॉट असतात. दोन्ही भरले की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्हीतून एकदम वाचणं, सुरू होतं आणि प्रोसेसरलाही थोडी उभारी येते. जागेचंही बघ. एकट्या रेड डेडला १५० जीबी लागतात, तेव्हा २४० च्या एसएसडीवर एका वेळी एकच मोठा गेम राहील. एक पूर्ण कर, मग दुसरा उतरव.

निघण्यापूर्वी कॅबिनेटच्या आत टेप लाव. दोन पंख्यांचं ६६०० साधारण वीतभर किंवा थोडं जास्त लांब असतं, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. कार्डाला आठ पिनांची पॉवर केबल लागेल, ती एसएमपीएसमधून थेट येणारीच लाव. दुकानात मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगचं, जोडकाम करून देणारी वायर फुकट देतील, ती घेऊ नकोस, तापून वितळलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि मॉनिटरची केबल मागे खाली कार्डाच्या पोर्टमध्ये घाल, वर मदरबोर्डच्या नाही. तुझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे. चुकून तिथे केबल लागली तर चित्र दिसेल, गेमही उघडेल, आणि नवं कार्ड बिघडलंय असं समजून तू धावत दुकानात जाशील.

बाबांबद्दल एवढंच की हे पैसे तू शिकवून मिळवलेस आणि त्यांना विचारून खर्च करतोयस. लेबलवरचे अँपिअर त्यांच्यासमोर वाच, गुणाकार त्यांना करू दे.

एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मला पाठव. वायरमन काय म्हणाला तेही लिही, आणि तोवर कॅबिनेटला अनवाणी पायांनी हात लावू नकोस.